ओवाळणीतला डॉलर

माझ्या भावाने मला एका भाऊबीजेला ओवाळणीत चांदीचा अमेरिकन डॉलर घातला होता. त्याच वर्षी वैशाखात मी वडिलांच्या आंब्याच्या बागेवरचा माझा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली होती. वीसेक वर्षं या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी होत्या, पण मी त्यांचा एकमेकींशी संबंध कधी लावला नव्हता. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी भाऊ गेला आणि त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो संबंध लागला.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. आमच्याकडचे इतर जहाजावरचे लोक घरी येताना कॅमेरे, सेंटच्या बाटल्या, घोंगड्यांएवढे जाड टॉवेल आणत. दादा नाणी आणी, आणि नाण्यांची जुनी पुस्तकं. मी इथे रत्नागिरीत कॉलेजच्या ग्रंथालयात होते. लग्न केलं नाही. माळनाक्याला एक लहानसा ब्लॉक घेतला आणि तिथेच राहिले. माहेर भाट्याच्या पुलापलीकडे, कातळावरच्या कलमांत. सुट्टीवर आला की दादा पुलावरून स्कूटरने येई, माझ्याकडे चहा घेई आणि भिंगाखाली एखादं नाणं धरून त्याच्यावरची अक्षरं मला वाचायला लावी. आम्ही दोघं फार बोलत नसू. वाचण्यासारखं काही हातात असलं की बोलावं लागत नाही.

तो डॉलर त्याने असा दिला: मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं, आणि त्याने तबकात एक चपटी, जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची डबी ठेवली. सुपारी गडगडत खाली गेली. डबीत नाणं बसवलेलं. एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. वर इंग्रजीत छापलेली पट्टी. दादाने समजावून सांगितलं की अमेरिकेत नाणी तपासून देणाऱ्या कंपन्या असतात. नाणं खरं ठरलं की त्या ते अशा डबीत कायमचं बंद करतात. डबी फोडल्याशिवाय नाणं निघत नाही आणि डबी हाच त्याचा दाखला.

वहिनी दारातून म्हणाली, “एका डॉलरात बहिणीला अमेरिकेस पाठवताय की काय?”

दादा हसला. मग मला म्हणाला, “बाय, ही उघडायची नाही हं. कधीच नाही.”

मी विचारलं, लक्ष्मीपूजनाला काय करू? आमच्याकडे त्या दिवशी चांदीचे जुने रुपये ताम्हनात घेऊन दुधापाण्याने धुतात. बंद डबीतल्या नाण्याला अंघोळ कशी घालायची?

“डबीसकट पूज. देवीला चालतं.”

तेव्हापासून दर दिवाळीत वडिलांच्या रुपयांना दूध आणि दादाच्या डॉलरला कोरडं फडकं, असा माझा क्रम झाला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ओढली. “वन्सं, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं. यातलं काय ठेवायचं ते बघा. नाहीतर मी सगळं भंगारात घालीन.” तिने हे सांगताना तोंड फिरवलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझं रडणं मात्र अजून नीट झालं नव्हतं. ते पुढे होईल, असं मला वाटत होतं.

ट्रंकेत पुस्तकांखाली सहा डब्या होत्या, मला दिलेल्या डबीसारख्याच. प्रत्येक डबीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, दादाच्या अक्षरात. चिठ्ठीवर आकडा, ज्या बंदरात किंवा ज्याच्याकडून घेतलं त्याची एक ओळ, आणि खाली तीच दोन वाक्यं. “खोटं. ओरखडा तोच.”

सहाही चिठ्ठ्यांवर हेच लिहिलेलं होतं. आकडे दोनपासून सातपर्यंत.

एक आकड्याचं नाणं कुठे आहे, हे मला कोणी सांगायला नको होतं. ते माझ्या कपाटात, रुपयांच्या डब्यात होतं.

मी ट्रंक रिक्षात घालून घरी आणली. दुपारी खिडकीपाशी सातही डब्या ओळीने मांडल्या आणि दादाचंच भिंग घेतलं. सालं वेगवेगळी होती. पण मागच्या बाजूला, गरुडाच्या पंखाजवळच्या अक्षराशी, एक बारीक ओरखडा होता. सातही नाण्यांवर, त्याच जागी, त्याच तिरपेपणाने. शेपटीखालचं टांकसाळीचं अक्षरही सातही नाण्यांवर सारखंच बारीक, तांदळाच्या कणीएवढं. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत मला हे ठाऊक होतं. दोन वेगळ्या सालांच्या, दोन वेगळ्या छापखान्यांच्या म्हणवणाऱ्या पुस्तकांत एकच मोडका टाइप त्याच पानावर दिसला, तर निदान एकाचं मुखपृष्ठ खोटं बोलत असतं. ही सात नाणी एकाच कोणाच्या तरी साच्यातून निघाली होती, आणि तो साचा सरकारी टांकसाळीतला नव्हता. तरी प्रत्येकाच्या पट्टीवर खरं असल्याचा शेरा होता.

म्हणजे दादाला माहीत होतं. कधीपासून, एवढाच प्रश्न.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी जशी वागले ते मला इथे लिहायला आवडत नाही, पण लिहायला हवं. मी आठवणी काढून तपासू लागले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी सही करत होते तेव्हा कारकुनाने विचारलं होतं, “स्वखुशीने ना, मॅडम?” मी हो म्हटलं. दादा माझ्या शेजारी उभा होता आणि त्या क्षणी खिडकीबाहेर बघत होता. इतकी वर्षं मला वाटत आलं की त्याला संकोच झाला. आता वाटलं, दुसरं काही असेल. “उघडायची नाही, कधीच नाही” हे त्याने इतक्यांदा का बजावलं? दर दिवाळीत फोनवरही विचारायचा, डबी आहे ना जशीच्या तशी? बहिणीने हक्क सोडला की भावाने तिला काहीतरी घालायचं, लुगडं म्हणा, वाटी म्हणा, अशी आपल्याकडची रीत. त्याने डॉलर घातला होता. खोटा.

मला बाग नको होती. ती तेव्हाही नको होती, आताही नको. फवारणी आणि राखण मला कुठून जमणार. पण मी ती दादाला दिली होती. त्याने ती माझ्याकडून काढून घेतली असेल, तर मी दिलेलं काही उरत नव्हतं. आणि दादासाठी रडायला बसले की मध्येच हा विचार येऊन उभा राहायचा, आणि डोळे कोरडे व्हायचे.

मी वहिनीला आडून विचारलं. दादा या नाण्यांबद्दल काही बोलायचा का? वहिनी आमसुलं उन्हात पसरत होती. म्हणाली, त्यांना मी एकदा विचारलं होतं, एवढी अडगळ कशाला जमवता, तर म्हणाले, खोटी आहेत, पण जमवायला हवीत. “मला काय कळणार त्यातलं? मी म्हटलं, खरी जमवली असतीत तर दोन बांगड्या तरी झाल्या असत्या.” मग हात पुसून ती माझ्याकडे वळली. “वन्सं, बागेचं काही मनात असेल तर आत्ताच माझ्याशी बोला. मागून मुलाकडे नको.”

तिचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे. मी त्याच्याशी बागेविषयी चकार शब्द काढला नव्हता. तरी मी त्या वेळी काहीच बोलले नाही. माझी ती सवय आहे. वहिनीने माझ्या गप्प राहण्याचा काय अर्थ घेतला असेल, ते तिच्या पुढच्या महिन्याभराच्या वागण्यावरून दिसलं. चहात साखर तेवढीच होती, पण थांबा हो जेवायला, हे बंद झालं.

शेवटी मी ठरवलं की नाणं सोनाराला दाखवायचं. आमच्या घरात खऱ्याखोट्याचा निवाडा आजवर तिथेच होत आला. पण सोनाराला डबी दाखवून काय उपयोग? त्याला नाणं दगडावर घासायला लागणार. एका सकाळी मी वडिलांचा अडकित्ता घेतला, डबीची कड त्याच्या पात्यात धरली आणि दाबलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा प्लॅस्टिक कडाडून फुटलं आणि नाणं टेबलाखाली गेलं. कागदाची पट्टी मधोमध फाटली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या नाण्याला माझा हात लागला. ते वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं आणि थंड.

सोनार म्हातारा आहे. त्याच्या वडिलांनी माझ्या आईच्या पाटल्या केल्या होत्या. त्याने नाणं उलटसुलट केलं, कड दगडावर ओढली, रेघेवर अॅसिडचा थेंब टाकला, पाहिलं, पुन्हा एकदा ओढली.

“चांदी आहे, ताई. चांगली आहे हो. आपल्या जुन्या रुपयांच्या तोडीची.”

मी म्हटलं, पण हे खोटं आहे.

“खोटं म्हणजे?”

मी त्याला ओरखड्याचं सांगायला लागले. तो ऐकून घेत होता, पण पटत नव्हतं. “आम्ही चांदी बघतो, तोंड बघत नाही,” तो म्हणाला आणि नाणं फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवलं. “कोणी दिलंय?”

“भावाने. ओवाळणीत.”

“मग तुम्ही हे इथे कशाला आणलंत, ताई?”

त्याने ते साधेपणाने विचारलं असेल. मी नाणं रुमालात बांधलं. दुकानातून खाली उतरताना माझा संशय कमी होण्याऐवजी दुसरीकडे वळला होता. चांदी खरी असेल तर दादाने चिठ्ठ्यांवर खोटं का लिहिलं? की आणखी कोणाला फसवायला?

मार्गशीर्षात वहिनीचा फोन आला. तिच्याकडे एक गृहस्थ येणार होते, दादाच्या ओळखीचे, नाण्यांबद्दल. “तुम्हीच बोला बाई त्यांच्याशी, ट्रंक तुमच्याकडेच आहे.” ‘तुमच्याकडेच’ या शब्दावर तिने थोडा जोर दिला.

मी ट्रंक घेऊन गेले. पडवीत एक उंच, वाकलेले, खादीचा झब्बा घातलेले गृहस्थ बसले होते. दादरचे, निवृत्त. दादाला ते कधी भेटले नव्हते, दोघांचा बारा-तेरा वर्षं पत्रव्यवहार होता. त्यांनी दादाविषयी दोन बरे शब्द काढले आणि लगेच सहा डब्या बघायला मागितल्या. मला ते आवडलं नाही. मी डब्या एकेक करून दिल्या, आधीची परत घेतल्याशिवाय पुढची नाही. ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांच्या बाबतीत मी हेच करत असे.

त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, “बाई, मी चोर नाही. मी फक्त खोटी नाणी घेतो. खऱ्यांना माझं पेन्शन पुरत नाही.”

वहिनी हसली. मी विचारलं, खोटं नाणं कोण कशाला विकत घेईल?

मग त्यांनी सांगितलं. ही नाणी कोणीतरी फार पूर्वी, चांगली चांदी वापरून केली. इतकी चांगली की तपासणाऱ्या कंपनीलाही कळलं नाही. तिने ती खरी म्हणून डब्यांत बंद केली आणि लोकांनी खऱ्याच्या भावाने घेतली. बऱ्याच वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की वेगवेगळ्या सालांच्या नाण्यांवर ओरखडा एकच आहे. कंपनीने चूक मान्य केली आणि ज्यांच्याकडे असतील त्यांनी परत करावीत, खऱ्याची भरपाई मिळेल, असं जाहीर केलं. बहुतेकांनी परत पाठवली. कंपनीने डब्या फोडून टाकल्या. म्हणून ज्यांनी पाठवली नाहीत त्यांच्याकडची, खरं असल्याच्या दाखल्यासकट असलेली ही खोटी नाणी आता फार थोडी उरली आहेत. “नुसतं नाणं म्हणाल तर त्यात चांदीपलीकडे काही नाही. किंमत आहे ती डबीची. म्हणजे मोठ्या माणसांनी छापून केलेल्या चुकीची.”

मी विचारलं, हे जाहीर कधी झालं? त्यांनी सांगितलं. मी मनात वर्षं मोजली. माझ्या भाऊबीजेनंतर.

पण मोजणी जुळली म्हणून मी विश्वास ठेवणारी नव्हते. हे गृहस्थ दादाच्या बाजूने बोलून डब्या स्वस्तात काढू बघत असतील, असंही मनात आलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “सातवं, म्हणजे पहिलं, बहिणीकडे आहे ना? त्या आपणच का?”

त्यांना हे कसं ठाऊक, असं मी विचारल्यावर त्यांनी शबनम पिशवीतून पत्रांची चळत काढली, एक वेगळं केलं आणि माझ्याकडे दिलं. मी आधी अक्षर तपासलं. दादा ‘र’ काढताना खालची शेपटी वर वळवत असे. ती तशीच होती. मग वाचलं. वहिनीने “मोठ्याने वाचा” म्हटलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचलं.

“पहिलं माझ्या बहिणीकडे आहे. ते मी खरं समजूनच दिलं होतं. खोटं ठरल्यावर परत पाठवून भरपाई घेता आली असती, पण त्यासाठी तिच्याकडून ओवाळणी मागून घ्यावी लागली असती आणि कारण सांगावं लागलं असतं. त्या वर्षी तिने बागेची सही दिली होती. मी सांगितलं असतं तर ती काही बोलली नसती. तेच मला नको होतं. आता त्याच जातीची बाकीची डबीसकट जमतात का बघतो आहे. जमली तर तिचं नाणं निदान कशातलं तरी पहिलं ठरेल.”

वहिनी खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, “मग बोलायचं ना. दोघंही तशीच.”

दादरच्या गृहस्थांनी खाली बघत विचारलं की पहिलं नाणं बघायला मिळेल का. मी पर्समधून रुमाल काढला आणि पडवीच्या जमिनीवर सोडला. नाणं, डबीचे दोन तुकडे, फाटलेली पट्टी. त्यांनी तुकडे जुळवून बघितले. कडेवर दातांसारख्या खुणा होत्या.

“हे कशाने?”

“अडकित्त्याने.”

त्यांनी तुकडे खाली ठेवले. मग त्यांनी नाण्याच्या कडेवरची सोनाराच्या दगडाची घासलेली जागा बोटाने चाचपली आणि ते माझ्याकडे परत दिलं. त्यांनी सहा डब्यांसाठी आकडा सांगितला. वहिनीने वर्षश्राद्ध झाल्यावर बघू असं उत्तर दिलं आणि त्यांना जेवायला थांबवून घेतलं. मलाही म्हणाली, “थांबा हो, वन्सं.” पानं घेताना मी तिला सांगितलं की बागेचं माझ्या मनात काही नाही, कधीच नव्हतं, आणि मुलाशी मी काही बोललेले नाही. ती म्हणाली, “मला कसं कळणार? तुम्ही गप्प बसता.” एवढंच बोलून ती भात आणायला आत गेली.

एक गोष्ट मला अजून पूर्ण सुटलेली नाही. दादाने हे एका कधी न भेटलेल्या माणसाला लिहिलं, आणि दर सुट्टीत माझ्याकडे चहा घेताना मला सांगितलं नाही. मी गप्प राहीन आणि गप्प राहून त्याच्याबद्दल काय वाटेल ते धरून बसेन, असं त्याला वाटलं. त्याचा तो संशय बरोबर ठरला. तो गेल्यावर मी तेच केलं. फक्त डबी फोडण्याचं त्याच्या अंदाजात नसावं. किंवा असेलही. नाहीतर दर दिवाळीला त्याने का विचारलं असतं?

ट्रंक परत घरी आणून मी सातही नाणी पुन्हा मांडली. एक आकड्याची चिठ्ठी ट्रंकेत कुठे राहिली आहे का, म्हणून पुस्तकं झटकून बघितली, तळाचं वर्तमानपत्र उचललं. चिठ्ठी नव्हती. दोनपासून सातपर्यंत प्रत्येक नाण्याला त्याने खोटं असं लिहून बांधलं होतं, आणि माझ्या नाण्यापाशी तो खिडकीत बसून कितीदा तरी चहा प्यायला असून, त्याला त्याने चिठ्ठी केली नव्हती.

मग ती मीच केली. ग्रंथालयात पुस्तकाला करतात तशी, दादाने वापरला तसलाच जाड कागद, तसलाच दोरा. लिहायला बराच वेळ लागला. वर एक आकडा घातला. खाली लिहिलं: भाऊबीजेला दादाने दिलं. चांदी चांगली. डबी मी फोडली.

खोटं हा शब्द मी लिहिला नाही, खरंही लिहिलं नाही. नाणं आणि डबीचे तुकडे एका लहान पिशवीत घालून तिला ती चिठ्ठी बांधली, आणि पिशवी ट्रंकेत दोन नंबरच्या आधी ठेवली. मग खिडकीपाशी बसून राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट रडता आलं.